शेवंतीची लाल चिंधी

मी शेवंती बोलतेय. नाव फुलाचं असलं तरी मी घोडी आहे, तेव्हा कुंडीकडे बघू नका, नजर जरा वर करा. नंदुरबारकडच्या ब्राह्मणपुरी गावात मारुतीच्या पारामागे एक पत्र्याचा गोठा आहे, तिथं मी राहते. माझ्या लगामाला एक लाल चिंधी बांधलेली आहे. ती पाहिली की अनोळखी माणसं चार हात लांबून जातात. त्या चिंधीची हकीकत सांगायची म्हणून आज तोंड उघडलंय. एरवी मी तोंड उघडलं की हल्ली लोक पळतात.

माझी आई काठेवाडी. बाप कोण, ते आम्हाला विकणाऱ्या व्यापाऱ्यालाच ठाऊक. गिऱ्हाईक बघून तो माझा बाप बदलायचा. समोर पैलवान उभा असला की बाप मारवाडी, म्हातारा असला की बाप गरीब स्वभावाचा. सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीकाठच्या घोडेबाजारात, मला पहिल्यांदा दोर बदलून दुसऱ्याच्या हाती दिलं तेव्हा मला एकूण सहा बाप झाले होते.

पहिला मालक वरातीच्या घोड्या ठेवायचा. अंगावर झूल, कपाळाला गोंडा, पाठीवर नवरदेव. थाट होता हो! पण मला फटाक्यांचं भय. एका लग्नात लांबलचक माळ लागली आणि मी नवरदेवासकट उसाच्या शेतात शिरले. नवरदेव सापडला तेव्हा त्याच्या मुंडावळ्या होत्या, पण लग्नाची हौस गेली होती. पुढच्याच यात्रेत मी पुन्हा बाजारात उभी.

तिथं मला लोटन आबा भेटला.

आबा टांगेवाला. त्यानं माझे दात पाहिले नाहीत, की चाल पाहिली नाही. गळ्याखाली केसांचा एक भोवरा असतो, त्याला देवमण म्हणतात. तो असलेली घोडी घराला लाभते असं जाणकार मानतात. आबानं तिथं बोट ठेवलं. ते बोट वाकडं होतं, कधीतरी टांग्याच्या चाकात सापडलेलं. त्याला तंबाखूचा आणि चामड्याला लावायच्या तेलाचा वास होता. तो वास मी तेव्हाच मनात बांधून ठेवला. सोबत चड्डीतला भूपेंद्र होता, आबाचा मुलगा. घरी येईस्तोवर तो माझी शेपटी धरून चालला आणि मी एकदाही लाथ उगारली नाही. घरी सिंधुबाईंनी, म्हणजे आबाच्या बायकोनं, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि लगेच बजावलं, "आंगनमा घान कयी ते याद राख!" मी पहिल्याच दिवशी केली. पण ते जाऊ द्या.

टांग्याचं काम मला आवडलं. फटाके नाहीत, बँड नाही. फक्त बायका, टोपल्या आणि गप्पा. बाजाराला निघालेली बाई वळणावर उभी राहते, डोक्यावरची टोपली एका हातानं सावरते आणि दुसरा हात वर करते. हात वर झाला की मी थांबायचं. हे मला आबानं शिकवलं नाही, माझं मीच शिकले. पुढं पुढं तर आबा डुलक्या घ्यायचा आणि मी थांबत थांबत सगळ्यांना गोळा करून फाट्यावर पोचवायची. फाट्यावर चुनीलालचं चहाचं हॉटेल आहे. तिथं शिळ्या पावाचा तुकडा मिळायचा, त्याला मी पगार समजत असे.

तेव्हा गावात बरेच टांगे होते. मग काळ्यापिवळ्या जीपगाड्या आल्या. मग मोटारसायकली घरोघरी झाल्या. एकेक टांगा जळणात गेला, एकेक घोडी बाजारात गेली. आमचाच तेवढा राहिला, आणि तो का राहिला याचं कारण एक सिनेमा.

आबानं तरुणपणी सारंगखेड्याच्या यात्रेत, तंबूत बसून एक जुना हिंदी सिनेमा पाहिला होता. त्याचं नाव मला माहीत नाही. आम्हा घोड्यांना नावं कोण सांगतो? त्यात म्हणे टांगा आणि मोटार यांची शर्यत लागते आणि टांगा जिंकतो. बस्स! तेव्हापासून आबाच्या डोक्यात ते पक्कं बसलं. गावात नवीन गाडी आली की आबा मिशीवर हात फिरवून म्हणायचा, "येऊ दे. शेवटले टांगाच जिंकस." दर वेळी सांगताना त्या शर्यतीचा रस्ता लांबत जायचा. शेवटी शेवटी तो सिनेमातला घोडा नंदुरबारहून निघून थेट सुरतेला पोचायला लागला होता.

एकदा सूनबाईनं, रोहिणीनं, तोच सिनेमा मोबाईलवर लावून दिला. आबानं तो मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. "देख शेवंते, शिकी ले!" मी पाहिलं. मला त्या बिचाऱ्या घोड्याच्या तोंडचा फेस दिसला. त्याला पाणी पाजा रे कुणीतरी, एवढंच माझ्या मनात आलं. मग मी मोबाईल चाटून पाहिला आणि रोहिणीनं तो परत घेतला.

अशात भूपेंद्रनं बॅटरीवर चालणारी रिक्षा आणली.

खोटं कशाला बोलू, रिक्षा चांगली होती. हिरवीगार, धूर नाही, आवाज नाही, शेण नाही. खाते ती वीज, तीही रात्रभर उभी राहून. पण तिची वायर जोडायची सोय होती फक्त माझ्या गोठ्यात, म्हणून ती मुक्कामाला माझ्याच शेजारी आली. मी घास खायचा आणि तिनं नुसता हिरवा दिवा लावून माझ्याकडे बघायचं. शेजार म्हणून दोन गोष्टी कराव्यात, तर तीही सोय नाही. भूपेंद्र दिवसभर फेऱ्या मारायचा आणि आबा पारावर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहायचा. सिंधुबाईसुद्धा रिक्षातच बसायच्या.

"मन्हा गुडघा टांगामा चढस का? नही चढस," त्या आबाला सरळ सांगायच्या. "मी ते रिक्षामाच बठसू."

आबाला हे झोंबायचं, पण गुडघ्यापुढे काय बोलणार?

ठिणगी पडली ती दसऱ्याला. आमच्या घरी दसऱ्याला पहिलं कुंकू मला. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला टिळा, तोंडात गूळ. त्या दिवशी मी मान पुढे करून उभी, आणि ताट घेतलेल्या सिंधुबाई माझ्यासमोरून गेल्या आणि त्यांनी रिक्षाच्या काचेला कुंकू लावलं. मी मान मागे घेतली. आबाची मात्र सटकली.

"पहिलं कुकू शेवंतीनं ऱ्हास!"

"जे घर चालाडस, त्यानं पहिलं," सिंधुबाई म्हणाल्या. त्यांचंही खरं होतं, म्हणून तर आबा जास्त भडकला. तो तडक फाट्यावर गेला, मला घेऊनच. चुनीलालनं सगळं ऐकून घेतलं आणि चहा गाळता गाळता म्हणाला, "आबा, तो सिनेमा व्हता. सिनेमामा काय बी व्हस."

"मी मन्हा डोयासघाई देखेल शे!" आबा स्वतःच्या डोळ्यांवर बोट ठेवून कडाडला. "भूपेंद्रले सांग, शर्यत लाव. पारपासून तुन्हा हॉटेललोंग. मी हारनू ते शेवंतीले सारंगखेडाना बजारमा इकी टाकसू!"

माझ्या तोंडात पाव होता, तो तसाच राहिला. इकडं शर्यत लावणार आबा, तिकडं हरणार रिक्षा किंवा आबा, आणि विकली जाणार मी! मला कुणी विचारलं का? भूपेंद्रनं परोपरीनं समजावलं, पण आबानं शब्द दिला होता आणि आबाचा शब्द म्हणजे रुळाखालचा स्लीपर, हलायचं नाव नाही.

आता या शर्यतीत आबानं एक चूक केली, आणि ती चूक फक्त टांगेवालाच करू शकतो. बघायला माणसं असावीत म्हणून त्यानं शर्यत ठेवली आठवडे बाजाराच्या दिवशी.

पारावर गर्दी झाली. रोहिणीनं रुमाल हलवला. भूपेंद्रची रिक्षा सूंऽ करून निघाली आणि मीही निघाले. खरं सांगते, मी जिवाच्या करारानं धावले. पपईच्या बागा मागे पडल्या, केळीची शेतं मागे पडली, आबा उभा राहून ओरडत होता आणि रिक्षा पुढे दिसत होती. आणखी थोडं धावले असते तर गाठलीच असती. तेवढ्यात वळणावर आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक गजराबाई दिसल्या. डोक्यावर मिरचीची टोपली. त्यांनी हात वर केला.

मी थांबले.

"गजराबाई, आज नही!" आबा किंचाळला. "आज शर्यत शे!"

"शर्यत शे ते ऱ्हावू दे. मन्ही टोपली धर."

"अवं बाई, मी हारी जासू!"

"मंग हारी जा. बजार उठी गया ते मन्ह्या मिरच्या तू लेशी का?" आणि गजराबाई चढल्या. आता बाई चढत असताना टांगा हाकता येतो का? आबानं टोपली धरली. सवय हो! पुढच्या वळणावर रंजनाबाई, हातात कोंबडी.

"भूपेंद्रले हात कया, तो थांबना नही," रंजनाबाई चढता चढता तक्रार करू लागल्या. "म्हने, वहिनी, शर्यत शे. शर्यत काय खावानी चीज शे?"

"रंजनाबाई, उतर! मन्ही घोडी इकाई जाई!"

"घोडी ते थांबनी. तू काब्र वरडी ऱ्हायना?"

आबानं लगाम ओढला, चाबूक नुसता हवेत वाजवला, मला शिव्या दिल्या, माझ्या सहाही बापांना दिल्या. मी काय करू? हात वर झालेला दिसला की माझे पाय आपोआप रुततात. त्यानंतर आणखी दोघी भेटल्या, एक दळणाची पिशवी भेटली, आणि फाटा जवळ आला तेव्हा टांग्यात इतकी माणसं होती की आबा दांडीवर बसून हाकत होता. रंजनाबाईंची कोंबडी त्याच्या टोपीवर.

फाट्यावर भूपेंद्र केव्हाचा पोचला होता. पहिला चहा झाला, दुसरा झाला, आणि आम्ही दिसत नाही म्हणून तो घाबरून आम्हाला शोधायला परत निघण्याच्या बेतात होता. टांगा थांबला तशा बायका उतरल्या आणि आधी भूपेंद्रवरच तुटून पडल्या. त्याला खाली मान घालून सगळं ऐकून घ्यावं लागलं. जिंकलेल्या माणसाचा असा सत्कार मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

"आबा, गंमत व्हती," भूपेंद्र म्हणाला. "तुम्हीच जिंकनात. मी सोडी देस."

"मेहरबानी नको," आबा म्हणाला. त्यानं माझी मान थोपटली. "शबद तो शबद."

मार्गशीर्षात दत्ताच्या यात्रेसाठी सारंगखेड्याचा बाजार भरला. निघायच्या दिवशी सिंधुबाईंनी बाजरीच्या भाकरीत गूळ कुस्करून मला भरवला. इतकी वर्षं माझ्या शेणावरून माझा उद्धार करणारी बाई, पण त्या दिवशी शेणाचं नाव काढलं नाही. "चांगला घरमा जाजो, माय," एवढं म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला गूळ गोड लागला नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा सांगतेय.

आबानं भूपेंद्रला सोबत घेतलं. जिंकेल त्यानंच दोर धरायचा, असं त्याचं म्हणणं. सगळा रस्ता भूपेंद्र दोर धरून चालला आणि मधूनमधून मागं येऊन माझी शेपटी धरायचा, लहानपणीसारखी. त्याला वाटलं मला कळत नाही.

बाजारात घोडेच घोडे. पांढरेशुभ्र, काळेकुळकुळीत, दोन पायांवर नाचणारे, आरशाची झूल घातलेले. मी आपली टांग्याची घोडी, अंगावर गजराबाईंच्या मिरचीचा वास. मला वाटलं, कोण घेतंय मला! पण गुजरातेतून आलेला एक शेटजी थांबला. त्याला वरातीसाठी शांत घोडी हवी होती. त्यानं माझा देवमण पाहिला आणि त्याचे डोळे चमकले.

"घोडी सरस छे," तो म्हणाला. "खोड काही?"

"एक बी नही," आबा म्हणाला. माल खरा सांगायचा हा त्याचा धर्म. "इतला वरीसमा कोणले चावनी नही, कोणले लाथ मारनी नही."

"मारस!" भूपेंद्र मागून म्हणाला. "लाथ मारस. पाणीमा बठी जास. चावस बी!"

मी कान टवकारले. मी? चावते? पाण्यात मी एकदाच बसले होते, आणि तेव्हा ऊन किती होतं ते कुणी का सांगत नाही?

"काय बी बोलू नको, पोऱ्या!" आबानं त्याला गप्प केलं. शेटजी मात्र हसला. तो बाजारात मुरलेला माणूस. "बेटाने बेचवी नथी," पोराला विकायची नाही हे ओळखून तो म्हणाला आणि त्यानं आपला हात पुढे केला.

आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा एका उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. बाजूच्यांना कळत नाही. आबानं खांद्यावरचं उपरणं काढलं, दोघांच्या हातांवर टाकलं. उपरण्याखाली बोटं हलू लागली. भूपेंद्रनं माझ्या दोराची घडी मुठीत इतकी घट्ट धरली होती की त्याची नखं पांढरी पडली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. पोरानं माझ्यासाठी माझीच बदनामी केली आणि तीही कुणी मानली नाही.

मग माझं मीच ठरवलं.

उपरणं माझ्या तोंडाशीच होतं. खाली दोन हात, आणि त्यातला एक आबाचा. चुकून त्याला दात लागला असता तर मी जन्मात स्वतःला माफ केलं नसतं. मी नाक पुढे केलं. डावीकडं अत्तर. उजवीकडं तंबाखू आणि चामड्याचं तेल. माझा अब्रूदार जन्म एका क्षणात डोळ्यांपुढून गेला. मी डावीकडचा हात चावले.

रक्त आलं नाही, मी तेवढी काळजी घेतली. पण शेटजीनं अशी आरोळी ठोकली की शेजारचे दोन नाचणारे घोडे नाचायचे थांबले. तो हात फुंकत भूपेंद्रला म्हणाला, "भाई, तू साचो हतो!" आणि निघून गेला.

आबानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. त्याला शब्द पाळायचा होता आणि माल खरा सांगायचा होता, आणि आता दोन्ही एका वेळी जमणं कठीण. तरी त्यानं दोन्ही केलं. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे चावऱ्या जनावराला लाल चिंधी बांधतात, ती त्यानं कुठूनशी आणून माझ्या लगामाला बांधली आणि दिवस मावळेपर्यंत मला विकायला उभा राहिला. कुणी जवळ आलं की आबा स्वतःच सांगायचा, "घोडी चांगली शे. पन चावस." माणूस पुढे जायचा. एकानं तर विचारलं, मग आणली कशाला? आबा म्हणाला, "शबद व्हता."

शब्द पाळून झाला, गिऱ्हाईक मिळालं नाही, आणि परत येताना तापीच्या पुलावर आबा थांबला. त्यानं आपलं वाकडं बोट माझ्या तोंडासमोर धरलं.

"याले काब्र नही चावनी, वं?"

याला का चावले नाही, याचं उत्तर म्हणून मी ते बोट चाटलं. भूपेंद्र तोंड फिरवून नदीकडं पाहत होता. आबा आधी हसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसला. घरी पोचलो तेव्हा सिंधुबाईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "आंगनमा घान कयी ते याद राख!" इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आता रोजच्या फेऱ्या रिक्षाच्या आणि बाजाराचा दिवस माझा. ते ठरवलं गजराबाई मंडळींनी. भूपेंद्र घाईत थांबत नाही, असा त्यांचा आजही आरोप आहे. बाजारच्या दिवशी आबा सिंधुबाईंसाठी टांग्यापाशी एक पाट ठेवतो आणि त्यावरून त्या चढतात, कुरकुरत. दसऱ्याला यंदा पहिलं कुंकू कुणाला, यावरून घरात आत्तापासूनच चर्चा सुरू आहे. शेजारीण हिरवा दिवा लावून सगळं ऐकत असते. तिला मी म्हटलं, पहिलं तू घे, फक्त गूळ माझा.

लाल चिंधी आबा सोडत नाही. आपण ती बाजारात लोकांसमोर बांधली, तेव्हा आता गावात आल्यावर सोडणं म्हणजे फसवणूक, असं तो म्हणतो. पोरं मला 'चावरी' म्हणून हाक मारतात. एका माणसाला एकदाच चावले, तेही बेतानं, आणि आयुष्यभराचं नाव गेलं. पण रोज सकाळी तंबाखूचा वास असलेलं ते वाकडं बोट माझ्या गळ्याखाली देवमणावर टेकतं, तेव्हा ते नाव गेलं त्याचं मला काही वाटत नाही.

तर मंडळी, कधी बाजाराच्या दिवशी आमच्या वाटेला आलात आणि लाल चिंधीची घोडी येताना दिसली, तर मागे सरू नका. वळणावर उभे राहा आणि हात वर करा. शर्यत असो नसो, मी थांबेन. टोपलीत मेथी असेल तर ती मात्र दुसऱ्या बाजूला धरा.